मेलेल्या राजाची तक्रार

नाही, तुम्हीच सांगा, खून कुणाचा झालाय? माझा झालाय ना? मग त्या खुनाचं पुढे काय करायचं, हे मला एका शब्दानं विचारायला नको?... नाटकातला खून म्हणतोय मी, बसा, बसा. पण नाटकातला झाला म्हणून काय झालं, मरताना जमिनीवर आपटतो तो गुडघा खराच असतो की नाही?

तुम्हाला सांगतो, आमची शिवणयंत्रांची कंपनी, आणि तिथं दरवर्षी कर्मचाऱ्यांचं नाटक होतं. दिग्दर्शक स्टोअरकीपर, कारण सभागृहाची किल्ली त्याच्याकडे असते, दुसरं काही कारण नाही. यंदा त्यानं जुनं सुडाचं नाटक काढलं. सेनापती भर मेजवानीत राजाला विष पाजतो, गादी बळकावतो, राजाचं भूत मुलाला येऊन सांगतं की बाळा, सूड घे, म्हणजे मला मुक्ती मिळेल. आणि बाळ काय करतं? विचार करतं. मग वेड्याचं सोंग घेतं, आणि परत विचार करतं. तोवर प्रधान चुकून मरतो, राजपुत्राची होणारी बायको दुःखानं मरते, राणी भलताच पेला पिऊन मरते... ज्यांचा काडीचा संबंध नाही ते सगळे मरतात, आणि ज्याला मारायचं तो आपला सिंहासनावर बसून द्राक्षं खातोय! तो मरतो अगदी शेवटी, पडदा पडता पडता.

यातला राजा मी. पडदा वर गेला की पेला तोंडाला लावायचा, दोन वाक्यं बोलायची आणि कोसळायचं, मग नाटकभर तोंडाला पावडर फासून भूत. राणीच्या कामाला टेलिफोनवरच्या बाई होत्या. मी मेलो पहिल्या प्रवेशात, आणि दुसऱ्या प्रवेशात बाई सेनापतीच्या गळ्यात हार घालतायत. अहो, निदान माझ्या तोंडावरची पावडर तरी बसू द्यायची! हे मी घरी बोललो, तर बायको भाजी निवडता निवडता म्हणते, "मेलात ना? मग पडून राहा गप."

बरं, सेनापती कोण? मॅनेजरसाहेब. आता इथंच सगळी गोम आहे. याच साहेबांनी गेल्या वर्षी आमचा दुरुस्ती विभाग बंद केला. मी आणि आणखी चौघं तिथं बसायचो. लोक आजीच्या वेळची यंत्रं घेऊन यायचे, आम्ही ती चालू करून द्यायचो. यंत्राचा आवाज नीट लागला की बायका डोळे मिटून ऐकायच्या, तुम्हाला सांगतो. साहेब एक दिवस दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही जुनी दुरुस्त केलीत तर नवी कोण घेणार?" झालं. चौघांना घरी पाठवलं, मला पॅकिंगमध्ये. तेव्हापासून मी खोक्यांना चिकटपट्टी लावतोय.

त्यामुळे साहेब सेनापती होणार आणि शेवटी मरणार हे कळल्यावर मी आमच्या त्या चौघांना आमंत्रण द्यायला स्वतः गेलो. त्यांतले वयानं मोठे, त्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी एवढंच विचारलं, "मरतो ना नक्की?" म्हटलं, "मामा, नाटकच तसं आहे, न मरून सांगतो कुणाला." शब्द दिला मी. आणि कट्यारीला स्प्रिंग पण मीच बसवली, शिवणयंत्राचीच, पातं आत जातं आणि सुटलं की परत बाहेर येतं. इतकी सुरेख स्प्रिंग मी आयुष्यात बसवली नव्हती.

आणि तालमीत साहेब काय म्हणतात? "माझ्या मरणाचं जरा बघू या."

स्टोअरकीपर म्हणाला, "म्हणजे, साहेब?"

"म्हणजे मी अख्ख्या स्टाफसमोर असं लोळणं बरं दिसत नाही. राजपुत्रानं मला क्षमा करावी. क्षमा हाच खरा सूड. लोकांना आजकाल पॉझिटिव्ह लागतं."

"पण साहेब, हे सुडाचं नाटक आहे..."

"सूड असू दे ना. मी कुठं नाही म्हणतोय? फक्त माझ्यावर नको."

आता मला सांगा, बाकी सगळे मेलेले चालतात? प्रधान चालतो, ती बिचारी पोरगी चालते, राणी चालते, मी तर काय पहिल्यापासूनच चालतो... मी हात वर केला. स्टोअरकीपर म्हणतो, "तुम्हाला काय हवंय आता?" म्हटलं, "खून माझा झालाय, म्हणून विचारतो." तर म्हणे, "भुताला या प्रवेशात एन्ट्री नाही."

राजपुत्र होता डिस्पॅचमधला लांबू. त्याला मी जिन्यात गाठला. म्हटलं, "अरे, मी तुझा बाप. मला विष पाजलंय त्यानं, आणि तू क्षमा करतोस?" तर इकडे तिकडे बघून म्हणतो, "काका, पुढच्या महिन्यात मी कायम होणार आहे. सही त्यांची आहे. तुम्हीच सांगा, सही करणाऱ्या हातावर कट्यार चालवू?" तुम्हाला सांगतो, ते राजपुत्र पिढ्यान्‌पिढ्या कशाला एवढे विचार करत बसतात ते मला त्या जिन्यात कळलं. लोक म्हणतात मोठं द्वंद्व आहे, आत्म्याचं आहे... कसलं काय, बहुतेकांची कुठंतरी सही अडकलेली असणार.

प्रयोगाचा दिवस. हेड ऑफिसचे परीक्षक पहिल्या रांगेत, आमचे चौघं सगळ्यात मागे, मामा इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर टोपी. मी वेळेवर मेलो. भूत झालो, सूड घे म्हणालो, धुरानं खोकलो. मग एकेक करून मंडळी पडायला लागली. शेवटच्या प्रवेशाला रंगमंचावर पाय ठेवायला जागा नाही, नुसती प्रेतं, आणि मधोमध साहेब धडधाकट, हात पसरून. लांबूनं कट्यार उचलली, थांबला आणि म्हणाला, "जा सेनापती, मी तुला क्षमा केली."

तेवढ्यात मागच्या रांगेतून मामांचा आवाज आला, शांतपणे, जसं काही शेजाऱ्याला विचारतायत, "मग राजा मेला कशाला?"

मी विंगेत होतो. अहो, तोच तर माझा प्रश्न होता! माझे पाय कधी निघाले मला कळलं नाही. मेलेल्या प्रधानाला ओलांडून, राणीच्या पदरावर पाय न देता, मी थेट मध्ये. साहेब ओठ न हलवता म्हणाले, "तुमची एन्ट्री नाही इथं." लांबूनं तर, तुम्हाला सांगतो, कट्यार मुठीकडून माझ्यापुढे अशी धरली, जसा काही हिला घेऊन जायला कुणी येतंय का याचीच वाट बघत होता.

घेतली आणि खुपसली. स्प्रिंग काय चालली म्हणता! पण साहेब पडेनात.

"साहेब, मरा," मी हळूच म्हटलं.

"मी मरणार नाही."

"खून माझा झालाय, साहेब."

"उद्या केबिनमध्ये बोलू."

आता आली का पंचाईत! कट्यार पोटाला लावलेली, समोर पाचशे डोळे, आणि हा माणूस मिटिंग ठरवतोय. मग मी म्हटलं, "साहेब, परीक्षक बघतायत. बक्षीस नेहमी मरणाऱ्याला मिळतं." साहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पहिल्या रांगेकडे बघितलं आणि मेले. आणि मेले म्हणजे काय, संपेचनात! डावीकडे गेले, उजवीकडे गेले, सिंहासन धरलं, सोडलं, परत उठून आईला हाक मारली, द्राक्षांवर पडले आणि तिथून राणीच्या अंगावर. राणी मेलेलीच म्हणाली, "अगं आई गं." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या मागच्या रांगेतून.

उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस साहेबांना. भाषणात म्हणाले, "शेवट असाच हवा, हा माझा पहिल्यापासून आग्रह होता."

दारात मामा भेटले, डोळे पुसत. म्हणाले, "छान मेला रे. पोट भरलं." मग टोपी डोक्यावर घातली, आणि विचारलं, "आता आपला विभाग?"

काय सांगू त्यांना? मारल्यानं एक मरतो, मामा, आधीचे उठत नाहीत... हे मनात आलं, पण बोललो नाही. म्हटलं, "साहेबांनी उद्या केबिनमध्ये बोलावलंय."

गेलो. साहेब खूश, टेबलावर बक्षिसाची बाहुली. विभागाचं मी काढलं, तर म्हणाले, "ते बंद ते बंद. पण पुढच्या वर्षी पण सुडाचंच नाटक घ्या, मी दोनदा मरेन. तुम्ही मात्र तेच काम करा, पहिल्या प्रवेशात जायचं. तुम्हाला शोभतं."

सूड पुरा झाला की भुताला मुक्ती मिळते, असं त्या नाटकात लिहिलंय. आमच्याकडे, तुम्हाला सांगतो, भुताला सकाळी आठला पॅकिंगमध्ये हजर राहावं लागतं.