धुऱ्यावरचे आवाज

(सप्टेंबर २०१७. पांढरकवड्यापासून बरीच आत, जंगलाकाठच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. भर दुपार. व्हरांड्यात इथली शिक्षिका दीपमाला आणि यवतमाळहून आलेली प्रशिक्षक भैरवी.)

भैरवी : अहो, पण बंद कशासाठी करायचा? सगळ्या तालुक्यात एका शाळेनं माझं प्रशिक्षण मनावर घेतलं, म्हणून हाडं खिळखिळी करत मी इथवर आले. आणि तुम्ही दारातच म्हणताय, प्रकल्प बंद करा!

दीपमाला : आधी पाणी घ्या मॅडम. घरचं आहे, बोअरचं नाही.

भैरवी : पाणी राहू दे. मुलं तयार आहेत ना? मला व्हिडिओ करायचाय. पुढच्या महिन्यात पुण्याच्या बैठकीत दाखवणार आहे. बाकीच्या शाळांनी काय केलंय माहितीय? 'प्लास्टिकचे दुष्परिणाम'! सगळ्यांचं तेच, एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. तुमच्या मुलांनी मात्र स्वतःचा प्रश्न शोधला.

दीपमाला : हो. त्यांनीच शोधला.

भैरवी : मग? घाबरताय कशाला?

दीपमाला : मॅडम, मला थोडा वेळ सोडा. शाळेमागच्या घनश्यामभाऊच्या वावरात जाऊन येते. संघदीप, माझा लहान भाऊ, तिथं फवारणीला गेलाय.

भैरवी : भावाला डबा नंतर नेऊन द्या.

दीपमाला : डब्याचं नाही हो.

भैरवी : दीपमालाताई, तुम्ही शिक्षणसेवक आहात. मी चांगला अहवाल दिला तर तुमचंच भलं होईल. मी आलेय आणि शिक्षिका शाळेत नाही, हे बरं दिसेल का? सांगा बघू, मुलांनी काय काय केलं?

दीपमाला : सांगते. पण ऐकल्यावर मला जाऊ द्या... जुलैमध्ये मी वर्गाला विचारलं, आपल्या गावात काय बदललं? ती ममता उठली. सातवीतली. म्हणाली, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आता आवाज येत नाही. किडे नाहीत, टिटवी नाही, मधमाशा नाहीत. ते काहून?

भैरवी : वा! अंगावर काटा आला बघा. आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?

दीपमाला : उत्तर नाहीच दिलं. तुम्हीच शिकवलं होतं ना, उत्तर द्यायचं नाही म्हणून. मला तर माहीत होतं, फवारणीच्या विषानंच. लहान पोरालाही माहीत आहे. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. पंप वर धरून मारावा लागतो, तो फवारा तोंडावरच येतो. पण मी म्हटलं, तुम्ही शोधा.

भैरवी : अगदी बरोबर केलंत.

दीपमाला : मग त्यांनी रीत ठरवली. धुऱ्यावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचा. पाढा संपेपर्यंत काहीच ऐकू आलं नाही, तर तिथं पांढरी चिंधी बांधायची.

भैरवी : एकोणतीसचा का?

दीपमाला : अवघड आहे म्हणून. सावकाश होतो. आधी नाल्याच्या पलीकडं चिंधी लागली. मग अलीकडं. मग लालसिंगच्या गोठ्याजवळ. फवारणी गावाकडे सरकत गेली, तशा चिंध्या आल्या मागोमाग. मला पण कौतुक वाटायचं. मी फोटो पाठवले होते तुम्हाला.

भैरवी : ग्रुपवर टाकले मी ते. फार वाहवा झाली.

दीपमाला : मग पोरांनी माणसं ऐकायला सुरुवात केली.

भैरवी : म्हणजे?

दीपमाला : ममताचा बाप, उकंडा. फवारणीवाला. मोठा बोलका माणूस, बैलाशी पण तासभर गप्पा मारायचा. ऑगस्टमध्ये तो गप्प झाला. पोरं त्याच्या अंगणात गेली, डोळे मिटून उभी राहिली. तो समोर खाटेवर बसला होता मॅडम. जागा होता. पाढा संपला, आणि ममतानं आपल्याच घराच्या दाराला चिंधी बांधली.

भैरवी : आपल्याच घराला? मग?

दीपमाला : दुसऱ्या दिवशी तो वावरात पडला. यवतमाळला नेताना रस्त्यातच गेला.

भैरवी : अरेरे. फारच वाईट झालं. पण ताई, यात गूढ असं काही नाही. विषबाधेनं माणूस सुस्त होतो, बोलणं कमी होतं. मुलांनी लक्षण टिपलं. खरं सांगायचं तर ही मोठीच गोष्ट आहे.

दीपमाला : मी पण तसंच सांगत होते स्वतःला. आज सकाळी शाळा झाडायला लवकर निघाले. तुम्ही येणार म्हणून. फाटक उघडायला गेले, तर माझ्याच फाटकाला चिंधी.

भैरवी : तुमच्या?

दीपमाला : माझ्या. घरात मी आणि संघदीप, दोघंच. आई गेल्यापासून मीच वाढवला त्याला. डी.एड. केलं त्यानं, नोकरी नाही, म्हणून फवारणीची मजुरी. काल घरी आला तर जेवला नाही. मी हाका मारल्या. भिंतीकडे पाहत बसला. मले वाटलं थकला असंन. सकाळी झोपलाच होता. मी इथं आले, पोरांनी सांगितलं, संघदीपदादा पंप घेऊन गेला. फोन लावून राह्यली तवापासून, उचलत नाही.

भैरवी : पंप चालू असेल तर फोन कुठून ऐकू येणार?

दीपमाला : हो ना. येतोय पंपाचा आवाज. पेट्रोलवरचा आहे, इथवर येतो. तेवढाच जिवाले आधार आहे पाहा. म्हणूनच तर बसली इथं तुमच्यासमोर. नाही तर एक चिंधी पाहून धावत सुटली असं झालं तर गाव हसंन मले. आंबेडकर जयंतीले स्टेजवर उभी राहून अंधश्रद्धेवर भाषण करते मी.

भैरवी : बघा, तुम्हीच किती शहाण्या आहात. भीती मुलांना शिकवू नका. त्यांचं अनुमान आहे, ते तपासू द्या. निरीक्षण चालू असताना मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. आपण मध्ये पडलो की मूल शोधायचं थांबतं.

दीपमाला : ते पाठ आहे मॅडम मले. पोरांनाही तेच पाठ करून घेतलं. मधात जायचं नाही, मधात बोलायचं नाही. आता अंगाशी आलं असं वाटून राह्यलं.

भैरवी : नुसता मनाचा खेळ आहे. एवढा व्हिडिओ होऊ दे, मग मी स्वतः येते तुमच्याबरोबर वावरात. कबूल? आणि किती शांत बसलीत हो मुलं! बाई बाहेर असताना एवढी शिस्त मी कुठल्याच शाळेत पाहिली नाही.

दीपमाला : शांत... हो. मघापासून कोणाचाच आवाज नाही.

भैरवी : थांबा, खिडकीतून बघते. अगं बाई!

दीपमाला : काय झालं?

भैरवी : सगळी उभी आहेत. डोळे मिटून. सगळ्यांची तोंडं मागच्या खिडकीकडे.

दीपमाला : वावराकडे?

भैरवी : माझ्यासाठी करताहेत बहुतेक. व्हिडिओ आहे म्हणून... ओठ हलताहेत. पाढा म्हणताहेत. ए बाळांनो! बसा पाहू खाली. अहो, एकही हलत नाही. यांना माझा आवाज जात नाही का?

दीपमाला : ममता! ममता, बाहेर ये!

ममता : आली मॅडम.

दीपमाला : काय चाललं तुमचं?

ममता : निरीक्षण.

भैरवी : छान. पण कशाचं, बाळा? मला सांग. मी व्हिडिओ नाही काढत आत्ता.

ममता : पंपाचं. संघदीपदादाच्या.

दीपमाला : पंप चालू आहे ना? मले येऊन राह्यला आवाज. तुले येते ना?

ममता : येते मॅडम.

दीपमाला : मग झालं तर! चालू हाये मंग.

ममता : पन थो एकाच जागी हाये.

भैरवी : म्हणजे गं?

ममता : मानूस चालते तं पंप चालते, मोठ्या मॅडम. तासात, पऱ्हाटीच्या ओळीत, गेला का आवाज दूर जाते, पलटला का जवळ येते. हा जातच नाई अन् येतच नाई. एका जागी घरघरून राह्यला.

दीपमाला : कवापासून?

ममता : मोठ्या मॅडमची गाडी आली, तवापासून.

दीपमाला : अगं, मंग सांगितलं काहून नाही! मी इथंच बसली होती! पाच पावलांवर बसली होती मी!

ममता : तुम्ही दोघी बोलून राह्यल्या होत्या. अन् पाढा पुरा व्हायचा होता.

भैरवी : दीपमालाताई, उठा. अहो, उठा ना! पळा तुम्ही. मी ड्रायव्हरला गाडी धुऱ्यापर्यंत घालायला सांगते. तोंडाला रुमाल बांधा आधी. घनश्यामभाऊ! कोणी आहे का तिकडे? अहो, कोणी तरी या!

दीपमाला : संघ्या! ए संघ्या! ओ दे रे बापा!

भैरवी : ममता, तू वर्गात जा. मुलांना बाहेर येऊ देऊ नकोस. फवारलेल्या वावरात पाऊल टाकायचं नाही, ऐकलंस? तू इथंच थांब.

ममता : बाबाच्या वेळेस थांबली होती, मॅडम. पाह्यत होती धुऱ्यावरून. मधात जायचं नसते म्हून.