डावा स्पीकर

बायको: अहो, परत खोललात तो सुई धरणारा आर्म? सकाळपासून चौथ्यांदा!

मिस्त्री: जुना माल आहे गं. पन्नास वर्षं झाली या रेकॉर्ड प्लेअरला. सुई खाचेत सरळ बसायला नको?

बायको: सुई सरळ आहे का ते बघायच्या त्या चौकटीच्या कागदावर बसली होती की! तुम्हीच म्हणालात, केसभरही इकडेतिकडे नाही म्हणून.

मिस्त्री: कागदावर बसली. मागचं वजन फिरवून सुईचा भारही दीड ग्रॅमवर आणलाय. पण डावा स्पीकर मुका आहे. थांब, तबकडी लावतो. ऐक आता.

बायको: मुका कुठे? मला तर दोन्हीकडून सारखंच येतंय.

मिस्त्री: तुला काय कळतंय त्यातलं!

बायको: बरं बाई, नाही कळत. पण कपाळावर घाम केवढा आलाय! गिऱ्हाईक संध्याकाळी येणार. नाही झालं तर उद्या ये म्हणावं. घाबरायचं काय त्यात?

मिस्त्री: गिऱ्हाईकाला कोण घाबरतंय.

बायको: मग?

मिस्त्री: हे बघ. सुईकडून आर्ममधून अँप्लिफायरपर्यंत चार वायरी येतात, दोन डाव्या आवाजाच्या, दोन उजव्या. मी अँप्लिफायरपाशी त्यांची अदलाबदल केली. दोष सुईत किंवा आर्ममध्ये असता तर मुकेपणा उजवीकडे गेला असता. नाही गेला.

बायको: मग तुमचा तो अँप्लिफायर बिघडला असेल.

मिस्त्री: दुसरा लावून बघितला.

बायको: स्पीकर?

मिस्त्री: इकडचा तिकडे केला. तरी डावीकडेच काही नाही.

बायको: मग आता बदलायचं राहिलं काय?

मिस्त्री: (पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलतो.)

बायको: अहो, बोला ना. मला भीती वाटायला लागलीय.

मिस्त्री: सगळं बदलून झालं.

बायको: सोमवारपासून मी हाका मारते आणि तुम्ही ओ देत नाही. मला वाटलं, स्वारी रुसलीय. काल फोनसुद्धा या कानाचा त्या कानाला नेलात.

मिस्त्री: सोमवारी उठलो तर डाव्या कानात शिट्टी वाजत होती. म्हटलं पाणी गेलं असेल, जाईल आपोआप.

बायको: आज गुरुवार! चार दिवस तोंडातून चकार शब्द काढला नाहीत?

मिस्त्री: काय सांगू? वजनकाट्यावर आर्म कोणीही लावेल. लोक लांबून माझ्याकडे येतात, कारण शेवटचं मी ऐकून लावतो. तोच कान गेला तर मी करणार काय? दुसरं काही येत नाही मला.

बायको: खुर्ची फिरवा. स्पीकरकडे पाठ करून बसा.

मिस्त्री: नको.

बायको: डावा स्पीकर उजव्या कानाकडे येईल. फिरवायला काय जातं?

मिस्त्री: सकाळीच आलं होतं ते माझ्या मनात. म्हणून तर आर्म खोलत बसलो. अजून दोष या यंत्रात असू शकतो. एकदा फिरलो की संपलं गं सगळं.

बायको: मी धरते खुर्ची. फिरा.

(खुर्ची करकरते. तबकडी वाजत राहते.)

बायको: आता? कुठला मुका?

मिस्त्री: उजवा.

बायको: आणि डावा?

मिस्त्री: स्वच्छ येतोय. काहीच झालेलं नाही त्याला. आर्म पहिल्याच वेळी बरोबर लागला होता.

बायको: उठा. चपला घाला. कानाचे डॉक्टर एक वाजेपर्यंत बसतात.

मिस्त्री: उशीर केलात म्हणाले तर?

बायको: म्हणू देत. चार दिवस झालेत, पाचवा मी होऊ देणार नाही.

मिस्त्री: सुई तेवढी तू उचल. हळूच हं, तबकडीवर चरा पडेल.

बायको: उचलली. चला.

मिस्त्री: आणि ऐक, रस्त्यानं माझ्या उजव्या बाजूनं चाल. बोलत राहा काहीतरी.