चौथ्या भोकातली वायर

— नाही नाही, लगेच वर नको जाऊस शुभम, आधी चा घे. वर देवघर आहे, बूट काढायचे, मोरीत पाय धुवायचे, मग जिना — दर वेळी सांगावं लागतं का रे बाबा तुला? आता ती भोकाभोकांची वायरींची पेटी देवाच्या फळीवर कोणी ठेवली म्हणशील, तर आमच्या गजेंद्रनंच, माझ्या लेकानं. ह्या उधन्याच्या दाटीत जागा कुठं आहे — खाली हे साडीच्या भरतकामाची डिझाइनं काढायचे कॉम्प्युटर, वर आम्ही, आमचे देव आणि ते मोठं मशीन. तुझे पाय धुऊन होईतो मी पटकन वर जाऊन — दिवा लावून येते. हो, दिवाच. सकाळचा राहिलाय.

हां, आजही तेच. काळा पडदा, पांढरी अक्षरं, वायरच नाही म्हणतो. बाकीचे कसे गुमान उठले बघ. हा कोपऱ्यातला, माझ्या नातीचा, योगिताचा, तेवढा हटून बसलाय. तूच नाही का सांगितलं — ह्यांच्या पोटात स्वतःचं काही नसतं, रोज सकाळी नेटवर्क कार्डातनं वरच्या मशीनकडं मागायचं, वरनं आलं की उठायचं. म्हणजे घरजावईच की रे. कार्ड पण बदललंस, दोनदा. तू वर जाऊन आलास की चालू, दुसऱ्या सकाळी पुन्हा काळं तोंड. गजेंद्र म्हणतो, कार्डात नाही, ह्या पोरातच खोट आहे, आज नाही झालं तर उद्यापासून दुसरा माणूस बोलावतो. मी म्हटलं, राहू दे, पोरगं गरीब आहे — स्वभावानं म्हणते रे, तोंड नको पाडूस.

गाव कुठलं म्हणालास तुमचं? पारोळ्याकडचं. मग इथं नवागामात राहिलात तरी आपलीच माणसं. आणि मामाचं गाव? — असंच विचारते, म्हातारीला दुसरा धंदा काय. रविवारी कामरेजहून माणसं येणारेत, योगिताला पाहायला. मुलाचं दुकान आहे, गाडी आहे, पोट पण आहे म्हणतात. हे ठरल्यापासून पोरगी धड जेवत नाही. तू आलास की मात्र बघ — ऐकू येतंय ना, आलं कुटतेय. माझ्या चात कधी आलं पडलं नाही हो.

तुझं कुठं ठरलंय का? मान नको हलवूस नुसती, तोंडानं सांग. नाही ना? सुटले बाई. नाहीतर ह्या गुडघ्यांनी रोज पहाटे जिना चढा, चौथ्या भोकातली योगिताची वायर काढा — म्हणजे फळी पुसताना निघत असेल रे कधी. मला काय कळतंय त्यातलं? हसतोस काय?

काय? पहिल्याच दिवशी कळलं होतं?

मग ती कार्डं कशाला बदललीस मेल्या? आणि मोरीत एवढा वेळ घोटे घासत बसायचास, ते — मला वर पोचून ती परत लावता यावी म्हणून?

आलं कुटतेय तिकडं बघतोस होय? कळलं.

ठेव तो कप. चा नंतर. ऊठ, बूट काढ, पाय धू आणि वर जा, गजेंद्र एकटाच बसलाय. कार्डाचं नाव काढायचं नाही. गाव सांग, मामाचं सांग, मग काय ते बोल. आणि त्या वायरीला हात लावू नकोस — आधी त्याला हो म्हणू दे.