भुऱ्याचा पाय

माझं माहेर दापोलीकडचं, वडील मास्तर, घरात सोवळंओवळं कडक, कुत्रा म्हणजे अंगणाच्या बाहेर, आणि लग्न होऊन आल्ये ती इथे मिरजोळ्याला हापूसच्या बागेत, जिथे माणसं मोजकी नि कुत्रेच कुत्रे. वानरं हाकायला लागतातच हो. काय सांगू तुम्हाला, पहिल्याच संध्याकाळी बघत्ये तर आमचे हे पायरीवर बसलेत नि एकेक कुत्रा पुढ्यात घेऊन त्याचे पाय तपासतायत. कातळावरून धावतात ना, कुठे चिरलं, कुठे काटा, कुठे गोचीड, बोटं फाकवून बघायचे, वास घ्यायचे, नि मगच हातपाय धुऊन जेवायला बसायचे. मी म्हटलं, अहो, बायकोचे पाय बघितलेत का कधी असे? तर म्हणाले, तुझे पाय वानरांच्या मागे धावत नाहीत. असा माणूस! जन्मभर हेच केलंनी, आधी कंदील घेऊन, मग बॅटरी घेऊन.

ते गेले गेल्या गणपतीनंतर. त्यांचा शेवटचा कुत्रा हा भुऱ्या. माझ्या हातची भाकरी खातो मेला, पण ते गेल्यापासून पायाला हात म्हणून लावू देईना. धरला की दात दाखवायचा.

यंदा आंबे काढायला सुरुवात झाली नि घळ, म्हणजे आमची आंबे उतरवायची जाळीची काठी, तिला पातं असतं, ती झाडाखाली पडलेली, त्यावर ह्याचा पाय पडला. एवढंसं चिरलं. मिठाचं कोमट पाणी लांबूनच ओतलं, रक्त थांबलं, म्हटलं झालं. मग तो चाटत बसायला लागला, तिथले केस गेले, कातडी लालकाळी. आता सीझनला इथे सगळ्यांच्याच अंगावर आंब्याचा चीक उडून भाजलेलं असतं, हा बघा माझा हात, म्हणून आमचा गडी तुकाराम म्हणाला, काकी, चीकच लागलाय, खोबरेल चोपडा. मलाही पटलं. सीझनमध्ये चिकाशिवाय दुसरं काही डोक्यातच येत नाही आमच्या! भाकरी दाखवून ह्याला गुंतवायचं नि वरून तेल सोडायचं, असं चाललेलं.

एका सकाळी हा उठेचना. वानरं डोक्यावर नाचतायत नि हा पडून. जवळ गेल्ये नि वास आला. असा वास आला की आमचे हे म्हणायचे, आता घरगुती पुरे, डॉक्टर गाठा. पाय सुजून गरम, पिवळं पाणी येतंय. तुकारामने रिक्षा आणलीन, तसाच दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, काकी, हा चीक नाही, आत पू झालाय, तेलाला माती चिकटून बसलेय. साफ केलंन, इंजेक्शन दिलंन, गोळ्या, चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लास्टिकचं टोपडं. नि म्हणाली, सूज वर चढत्येय का, गरम लागतंय का, पाणी नाहीतर वास येतोय का, रोज हात लावून बघायचं, दुर्लक्ष झालं तर पाय जाईल. रोज हात लावून! मी तिथेच रडायला लागल्ये. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, रडायला सवड कुठे मिळालेली, ते सगळं त्या दवाखान्यात निघालं.

संध्याकाळी पायरीवर बसल्ये. हा गुरगुरला. म्हटलं, चाव मेल्या, मी उठायची नाही. नि ह्यांच्याबद्दल बोलत सुटल्ये, चहा बशीतून कसा फुर्र करायचे, चिडले की टोपी कशी उलटी घालायचे, तुलाही आठवतात ना रे ते? बोलता बोलता माझा हात त्याच्या पायावर कधी गेला मला कळलंच नाही, नि त्याने पाय ओढलान नाही.

आता सूज गेली, केस येतायत. बघण्यासारखं तिथे काही राहिलेलं नाही, तरी मी बसत्ये, बोटं फाकवत्ये, वास घेत्ये, म्हणत्ये, बरा आहेस हो. मग तो काय करतो सांगू? माझा डावा गुडघा हुंगत बसतो. तो दुखतो हे मी मुलालासुद्धा सांगितलेलं नाही. असू दे. सुखी राहा रे बाबा, म्हणत्ये, नि दोघं जेवायला उठतो.