आखाजीला जेवायला आलेली सिस्टर

मी तापीकाठचा, शहाद्याच्या बाजूचा. चौथीत शाळा सुटली, मग सारी जिंदगी केळी आन ऊस, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला ऊस घातला, दुसरं काही येत नाही. काय सांगू तुम्हाला, माणूस गोड बोलला की मला आधी शंका येते. आमची म्हातारी, बायको माझी, म्हणे, तुम्हले देवबी चोर वाटस.

ती गेली थंडीत, नंदुरबारच्या दवाखान्यात, पाणी पाणी करत. तिथली सिस्टर, नवापूरकडची कोकणी आदिवासी बाई, मी तांब्या पुढे केला की हात धरे, म्हणे बाबा, पाणी बंद केलंय डॉक्टरांनी. मरणाऱ्याला पाणी नाही, असा कुठला कायदा? मला वाटलं काहीतरी लपवतात, चुकीची सुई दिली असंल.

आन माझी नात वैशाली, मुलाची मुलगी, आजीच्या उशाशी बसून हे सारं बघितलेली, बारावीची परीक्षा देऊन म्हणते, बाबा, मी नर्सिंगले जास. मी म्हटलं, जा, लोकांच्या तोंडचा तांब्या ओढायला शिक. तिचा बाप म्हणे, बाबा हो म्हणतील तरच. म्हणजे सारं माझ्यावर. पोरगी रडली नाही, भांडली नाही, तेव्हाच मला संशय आला.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्याच्या नावानं घागर भरतात, आन सवाशीण गेली असंल तर तिच्या जागी एक सवाशीण जेवायला बसवतात, तिच्या तोंडून ती जेवते. वैशाली बोलली, सवाशीण मी बोलावते. दारात बघतो तर ती सिस्टर, नवऱ्याच्या मोटारसायकलवरून उतरली. भावजय कुजबुजली, आपलामा सवाशिनी सरी गयात का वं? म्हणजे आपल्या जातीतल्या संपल्या का? पण मी काय करू, पोरीनं तिला पाटावर बसवलं होतं, आन बसलेलीला उठवलं तर म्हातारीलाच उठवलं.

ती घास उचलेना. म्हणे, बाबा, आधी विचारून घ्या. मी विचारलं, पाणी काबर नही दिनं? ती म्हणाली, आतड्याला भोक होतं, पाणी पोटात सांडलं असतं, कळ वाढली असती. ओल्या कापसानं ओठ पुसायला तुम्हाला बोलावलं होतं, तुम्ही म्हटलं, तुझ्या हातचं काही नको. मग हिनं पुसले, तुमच्या नातीनं. वैशाली रस वाढत होती, मान खाली.

मी तसं बोललो असंल, नसंल. दोघींनी ठरवून केलं असंल, मला काय माहीत. सिस्टर मात्र पोटभर जेवली, रस मागून घेतला. जाताना पोरीला म्हणे, अंगावर येणारे लोक रोज भेटतील, घरच्या घरी बाबांवर सवय करून घे. मला हसू आलं, दाखवलं नाही.

जा म्हटलं. पण कॉलेज मी स्वतः बघून आलो, होस्टेलची कडी आतून लागते का ओढून पाहिली. वॉर्डनबाई हसली, ती मला पटली नाही.

आता पोरगी तिथंच शिकते. फोनवर विचारतो, कोणी वाकडं बोललं का? म्हणते, रोजच बोलतात, बाबा. बोलू दे म्हटलं, ज्याचं माणूस जातं त्याचं तोंड वाईट असतं. देव तिच्या हाताला गुण देवो.