सावंतकाकांची सर्व्हिस डॉग

इथे आखातात, आमच्या माबेल्यातले शेजारी सावंतकाका, बायको वारल्यावर कायमचे गावी निघाले तेव्हाचं सांगतो. तिनं वाढवलेली कुत्री त्यांना सोडवेना. उन्हाळ्यात विमानाच्या सामानात जनावर घेत नव्हते. आजारी माणसाच्या मदतीला शिकवलेल्या सर्व्हिस डॉगला मात्र मालकासोबत केबिनमध्ये बसू देतात, म्हणून काकांनी ऑनलाइन तसलं जॅकेट मागवून तिला घातलं. एअरपोर्टवर सोडायला मीच गेलो.

काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "ही कशात मदत करते?"

"मला फिट येतात."

"डॉक्टरचं पत्र?"

काकांनी जॅकेटवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

"खोटं सांगितलं की दंड होतो. मी तक्रार करत नाही, पण कुत्री नेता येणार नाही."

काका एकटेच गेले, कुत्रीला मी घरी आणलं. दोन दिवसांनी काकांचा फोन आला. "जेवते ना रे?"

"पोटभर," मी म्हणालो. तिनं अजून घासही खाल्ला नव्हता.