छातीच्या फोटोच्या चांदण्या

एक्स-रेच्या खोलीबाहेर नंबर पुकारणाऱ्या बाईंचे डोळे यादीवर होते, कान मात्र समोरच्या बाकावर. तिथे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक बसली होती.

“बाबा, पिशवीत मागच्या वर्षीची फिल्म नाही. डॉक्टरांना ताडून बघायचीय.”

“हरवली म्हणून सांग.”

“हरवेल कशी? माझ्या हातानं कपाटात ठेवली होती.”

“तुझ्या खिडकीत टांगलीय.”

“खिडकीत पोरांनी केलेल्या नाताळच्या चांदण्या आहेत.”

“त्याच गं. उजेडात निळ्या-निळ्या दिसतात.”

“कार्ट्यांनी तुमची छाती कातरली? घरी गेल्यावर सोलूनच काढते एकेकाला.”

“पोरांना बोल लावू नकोस. फिल्म मीच दिली.”

“घरात पुठ्ठ्याचा दुष्काळ पडला होता?”

“डाग होता तिच्यावर. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, तीन महिन्यांनी परत दाखवा.”

“तुम्ही तर म्हणालात, सगळं ठणठणीत आहे.”

“तू बाळंतीण होतीस, बाळ. नंतर जीभच रेटेना. परवा तू इथला नंबर लावलास, आणि माझं धाबं दणाणलं.”

लेकीनं पिशवी मिटून मांडीवर ठेवली.

“तो डाग कुठाय आता?”

“मधल्या मोठ्या चांदणीत. थोरलीनं मुद्दाम तिथूनच कातरली. म्हणाली, आजोबा, इथं चंद्र उगवलाय.”

“फोन करून ती उतरवायला सांगते.”

“नाताळ होऊ दे गं. पोर रडेल.”

पुढचा नंबर त्यांचाच होता. बाईंनी तो दोनदा वाचला, आणि त्याच्या खालचा पुकारला.